घरी केलेला पास्ता यंत्राशिवाय कसा वाळवायचा? (बेळगाव)

शेवयांची काठी आहे ना घरात? मग वेगळा स्टँड घेऊच नका. काठी दोन खुर्च्यांवर आडवी ठेवून लांब पट्ट्या एकमेकींना चिकटणार नाहीत अशा टाका. छोटे आकार सुती कापडावर किंवा चाळणीत पसरा आणि मधूनमधून उलटा.

शेवयांसारखं कडक ऊन मात्र पास्त्याला देऊ नका. बाहेरचा थर आधी वाळून आकसतो, आत ओल राहते, मग तडे जातात आणि उकळताना तुकडे होतात. सावलीत, मंद पंख्याखाली साधारण 24 तास ठेवा. जाड तुकडा मोडून पाहा: कटकन तुटला आणि आत लवचिक, ओलसर लागला नाही तरच हवाबंद डब्यात भरा.

हे सगळं फक्त रवा-पाण्याच्या पास्त्याचं. आपल्याकडे मिळणारा बन्सी रवा ड्युरम गव्हाचाच (पास्त्यासाठी वापरतात तो कडक गहू), त्यामुळे उत्तम. अंडं घातलेला पास्ता बाहेर वाळवून साठवू नका, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूंचा धोका असतो. तो थेट फ्रीजरमध्ये. पावसाळ्यात, विशेषतः खानापूरकडच्या दमट हवेत, साधा पास्ताही फ्रीजरमध्येच ठेवलेला बरा. अथणी-चिकोडीकडे हवा कोरडी, तिथे पट्ट्यांवर पातळ कापड टाका, म्हणजे त्या सावकाश वाळतील.