पीईटीचं ग्लायकोलिसिस: माल तपकिरी येतोय तर आधी पीव्हीसी शोधा

तुम्ही लिहिलंय की ग्लायकोलिसिससाठी, म्हणजे ग्लायकॉलने प्लास्टिक तोडण्यासाठी, पीईटी बाटल्यांचा चुरा इथिलीन ग्लायकॉल आणि झिंक ॲसिटेटसोबत (हे प्रक्रियेचा वेग वाढवतं) चार तास उकळला तरी तळाशी उरतोच, बीएचईटी (पीईटी तुटून मिळणारा, पुन्हा वापरता येणारा कच्चा माल) पांढरं येण्याऐवजी तपकिरी येतं, आणि झाकण उघडलं की नाकाला झोंबतं. हा त्रास चांगलाच ओळखीचा आहे. पण ही दोन वेगळी दुखणी आहेत, एका उपायाने जाणार नाहीत.

उरलेल्या चुऱ्याचं आधी. द्रवात बुडवलेला थर्मामीटर किती दाखवतो? माझा अंदाज, १६०-१६५. शुद्ध ग्लायकॉल १९७ अंशांना उकळतो, पण त्यात ५ टक्के पाणी आलं की १६० च्या आसपासच उकळायला लागतो. कंडेन्सर (वाफ थंड करून परत द्रव करणारी नळी) उभा असेल तर तेच पाणी वर जाऊन परत खाली पडतं; भांडं खदखदतं, तापमान मात्र चढत नाही. चुरा ११०-१२० अंशांवर चार तास वाळवा. ग्लायकॉलचं पिंप उघडं ठेवू नका, तो हवेतलं पाणी ओढतो. सुरुवातीला कंडेन्सर तिरका लावून पाणी बाहेर काढा, १९० गाठल्यावरच उभा करा. १०० ग्रॅम चुऱ्याला ४०० ग्रॅम ग्लायकॉल आणि १ ग्रॅम झिंक ॲसिटेट घेतलं, तर तिथून दोन-तीन तास पुरतात. झिंक वाढवून फारसा फायदा होत नाही, नंतर ते काढून टाकायचं काम तेवढं वाढतं.

आता रंग आणि झोंबणारा वास. हे जवळजवळ नक्की पीव्हीसी (क्लोरीन असलेलं वेगळं प्लास्टिक) आहे, आणि सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. एका तपासणी कार्यालयाने चुरा पाण्यात टाकून 'पीव्हीसी आढळले नाही' असा अहवाल दिला, आणि तो खरा मानून पूर्ण लॉट भांड्यात गेला. पाण्यात झाकणांचं पीपी आणि एचडीपीई ही हलकी प्लास्टिकं तरंगतात, ठीक. पण पीईटीची घनता १.३८ च्या आसपास आणि कडक पीव्हीसीचीही साधारण तेवढीच, म्हणून दोन्ही बुडतात. पाण्याची चाचणी इथे काहीच सांगू शकत नाही. असा अहवाल देणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं, याचा राग अजून जात नाही.

पीव्हीसी येतं ते आकसवून चढवलेल्या लेबलांतून आणि औषधाच्या गोळ्यांच्या पट्ट्यांतून. तापल्यावर त्याच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त हायड्रोजन क्लोराइड सुटू शकतं. माल काळवंडतो, ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या भांड्याला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात, आणि ग्लायकॉलशी संयोग होऊन क्लोरोइथेनॉल बनू शकतं, ते विषारी आहे. तेव्हा झाकण उघडून वास घेणं आजपासून बंद करा.

तपासणी घरची घरी होते. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, संशयित तुकड्याला टेकवा, परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे. लॉटसाठी २०० ग्रॅम चुरा ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये २२० अंशांवर अर्धा तास ठेवा: पीव्हीसी तपकिरी-काळं पडतं, पीईटी तसंच राहतं. काळे तुकडे वेचून वजन करा. नमुना पाच-सहा पोत्यांतून, तळापासूनही घ्या. पीव्हीसी एका पोत्यात ढिगाने येतं आणि दुसऱ्यात अजिबात नसतं. दोन्ही चाचण्या उघड्यावर किंवा धूर ओढणाऱ्या पंख्याखाली करा, स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये कदापि नाही.

हिरव्या बाटल्यांचा रंग ही वेगळी बाब. तयार माल गरम पाण्यात विरघळवून त्या द्रावणात थोडा सक्रिय कोळसा घालून गाळला तर बराच उतरतो. गाळणं मात्र ८० अंशांच्या वरच व्हायला हवं, नाहीतर बीएचईटी गाळणीतच बसतं. मग रात्रभर ४-५ अंशांवर ठेवा. स्फटिक ११० च्या आसपास वितळले तर माल चांगला. १०० ग्रॅम पीईटीचं गणिताने १३२ ग्रॅम होतं; ९५-१०५ हातात आलं तरी नाराज होऊ नका, बाकीचं बरंचसं ऑलिगोमर (अर्धवट तुटलेल्या छोट्या साखळ्या) असतं आणि पुढच्या घाण्यात परत घालता येतं.

अजून एक: जास्तीचा ग्लायकॉल झिंक आत असताना तापवून उडवू नका. ग्लायकॉल निघाला की प्रक्रिया उलटी फिरते आणि बीएचईटी परत जोडलं जायला लागतं.

माझं मत विचाराल तर (मोठ्या कारखान्याचं गणित वेगळं असतं) लहान युनिटने बाटलीच्या दर्जाच्या बीएचईटीमागे लागू नये. प्रोपिलीन ग्लायकॉलने तोडून, मॅलेइक ॲनहायड्राइड घालून एफआरपीसाठी (काचतंतू घातलेलं प्लास्टिक) रेझिन करा. त्याला थोडा पिवळेपणा चालतो, क्लोरीन मात्र भांड्याला तिथेही तितकंच खातं, म्हणून ओव्हनची चाचणी सोडू नका.