बीटी सरकीची ढेप, दूध आणि तेल : खाण्यात धोका आहे का?

प्रश्न : आमच्याकडे सगळी कपाशी बीटी, म्हणजे बोंडअळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेली. तिच्या सरकीची ढेप गाई-म्हशींना घालतो आणि तेच दूध लेकरं पितात. मोबाइलवर गाठी आलेल्या उंदरांचे फोटो येतात, जीएम, म्हणजे जनुक बदललेलं पीक, खाल्लं की कॅन्सर होतो म्हणतात. ढेप बंद करावी का? सरकीचं तेल खावं का? आणि चोरबीटीचं, म्हणजे तणनाशक मारलं तरी न जळणाऱ्या, चोरून विकल्या जाणाऱ्या कपाशीच्या बियाण्याचं काय?

उत्तर : शेतकरी बंधू-भगिनींनो, बीटी आहे म्हणून ढेप बंद करायचं कारण नाही. बीटी कपाशीला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली, ती चाचण्या होऊनच. बीटीचं प्रथिन बोंडअळीच्या आतड्यात काम करतं, कारण तिथलं वातावरण अल्कधर्मी असतं आणि त्या प्रथिनाला चिकटायला जागा असते. माणसाच्या आणि गुरांच्या आतड्यात तशी जागा नाही. ही ढेप खाल्लेल्या गाईंच्या दुधात ते प्रथिन तपासलं गेलं, सापडलं नाही. रिफाइंड तेलात तर प्रथिन जवळपास उरतच नाही.

उंदरांचे ते फोटो फ्रान्समधल्या २०१२ च्या एका अभ्यासातले आहेत. गटागटात नर-मादी दहा-दहाच उंदीर, आणि जात अशी की वय झालं की तिला आपसूक गाठी येतात. ज्या नियतकालिकाने तो छापला त्यानेच २०१३ मध्ये मागे घेतला.

म्हणून जीएम म्हटलं की सगळं निर्धोक, असंही मी म्हणणार नाही. कोणतं जनुक कोणत्या पिकात घातलं, त्यावर सगळं ठरतं. ब्राझील नटचं जनुक सोयाबीनमध्ये घातलं होतं. ज्यांना त्या नटची ॲलर्जी आहे त्यांना या सोयाबीनचीही होईल, हे १९९६ मध्ये तपासणीत उघड झालं आणि ते वाण बाजारात आलंच नाही. चाचणी असते ती यासाठी. प्रथिन जठररसात किती लवकर पचतं, माहीत असलेल्या ॲलर्जीकारकांशी त्याचं साम्य आहे का, उंदरांना ९० दिवस खाऊ घातल्यावर काय दिसतं, हे पाहतात. बीटी वांग्यावर अशा चाचण्या झाल्या होत्या, तरी फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्राने ते थांबवलं. बांगलादेशात ते २०१४ पासून पिकतं.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. ढेपेचं पोतं भिंतीला टेकवून, ओल्या जमिनीवर ठेवलेलं असतं. खालच्या कोपऱ्यात हात घाला : ढेप गरम लागते, गोळे झालेले असतात, फोडलं की हिरवट-काळी बुरशी आणि कुबट वास. या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, गाईच्या पोटातून दुधात उतरतं, आणि दूध उकळून ते जात नाही. यकृताच्या कॅन्सरशी त्याचा संबंध पक्का सिद्ध झालेला आहे. दुधात किलोला ०.५ मायक्रोग्रॅमच्या वर ते चालत नाही. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. पावसाळ्यात जास्त साठा करू नका. बुरशी दिसली तर ते पोतं ‘थोडंच खराब आहे’ म्हणून चांगल्यात मिसळू नका, पुरून टाका.

सरकीत गॉसिपॉल नावाचं विषही असतं, देशी कपाशीतसुद्धा. मोठी जनावरं ते पचवतात; रवंथ नीट सुरू न झालेल्या वासरांना आणि कोंबड्यांना ढेप घालू नका. घाण्यावरचं कच्चं सरकी तेल स्वयंपाकात नको, रिफाइंडच वापरा.

चोरबीटी मात्र घेऊ नका. त्या बियाण्याला परवानगीच नाही, पाकिटात नेमकं काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. वर त्यावर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारलं जातं, ज्याची कपाशीवर शिफारस नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं. युरोप-अमेरिकेच्या नियामकांना ते पटलेलं नाही. वाद काहीही असो, फवारा तुमच्या अंगावर उडतो. यवतमाळात २०१७ साली कीटकनाशकांच्या फवारणीत वीसवर माणसं गेली, ती खाण्याने नव्हे. हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच पंप उचला, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका. बियाण्याचं पक्कं बिल, रिकामं पाकीट आणि लेबल वेचणी होईपर्यंत जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर तेच लागतं.