शाळेतील अवघड वर्तन आणि मुलाचा हक्क

प्राथमिक शाळेतील मुलांच्या वर्तनाविषयी आणि विशेष शिक्षणाविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या महिन्यात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा साडेसात वर्षांचा असून एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत शिकतो. त्याला स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असल्याचे निदान झाले आहे. तो वाक्ये बोलतो, बेरीज-वजाबाकी झटपट करतो; परंतु वर्गात वह्या फेकतो आणि शेजारच्या मुलाला चावतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा शाळेतून फोन येतो आणि त्याला मधल्या सुट्टीनंतर घरी आणावे लागते. आता मुख्याध्यापिका म्हणतात, ‘स्वखर्चाने शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्यासोबत बसणारा मदतनीस, ठेवा, नाहीतर दाखला काढून घ्या.’ शाळेला असे करता येते का? आणि त्याचे चावणे थांबवायचे कसे? — एक आई, नाशिक

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते हाती असेल तर शाळेशी बोलताना तुमची बाजू भक्कम होईल. चावणे थांबवण्याचा सर्वांना लागू पडणारा एक उपाय नाही. तुमचा मुलगा चावून काय मिळवतो किंवा काय टाळतो, हे कळल्याखेरीज केलेला प्रत्येक उपाय अंदाजाने केलेला असतो, आणि असा अंदाज चुकला तर वर्तन कमी होण्याऐवजी वाढते. म्हणून वर्गशिक्षिकेला विनंती करून दोन आठवडे एक साधी नोंदवही ठेवायला सांगा. तिच्यात प्रत्येक प्रसंगाच्या चार गोष्टी असाव्यात : वेळ आणि विषय, त्याच्या लगेच आधी काय घडले, मुलाने नेमके काय केले आणि त्यानंतर लगेच काय झाले. ‘चिडला’, ‘हट्ट केला’, ‘मुद्दाम केले’ असे शब्द त्यात नसावेत. ‘वही जमिनीवर फेकली, डावीकडच्या मुलाच्या दंडाला चावला’ असे जे डोळ्यांना दिसले तेवढेच लिहावे. त्याच सुमारास दात, कान, बद्धकोष्ठता आणि झोप यांची तपासणी बालरोगतज्ज्ञांकडून करून घ्या. दुखणे शब्दांत सांगता न येणारे मूल ते अनेकदा अशाच रीतीने सांगते.

समजा, या नोंदींतून असे दिसले की बहुतेक प्रसंग फळ्यावरचे उतरवून घेण्याच्या तासाला घडतात आणि शेवटी तुम्हाला फोन जातो. मग मुलाच्या दृष्टीने हिशेब स्पष्ट आहे : चावले की लेखन टळते आणि आई न्यायला येते. शाळेला शिक्षा वाटणारी कृती त्याला सुटकेचा खात्रीचा मार्ग शिकवत असते. या मुलाला बोटांच्या हालचालीसाठी व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, हवा असेल, पाच ओळींऐवजी दोन ओळी हव्या असतील किंवा मजकूर छापून दिलेला कागद हवा असेल. परंतु नोंदींत प्रसंग मधल्या सुट्टीच्या गोंगाटात किंवा घंटेच्या वेळी दाटलेले दिसले, तर प्रश्न लेखनाचा नसून आवाजाचा आहे. तेथे शांत कोपरा, कानावरचे हेडफोन आणि घंटा होण्याआधी दिलेली सूचना उपयोगी पडते. शिक्षिकेचे लक्ष मिळावे किंवा हवी ती वस्तू मिळावी म्हणूनही मुले असे वागतात. वर्तन एकच असले तरी कारणानुसार उपाय वेगळा होतो आणि कधी कधी तो अगदी उलटाही होतो. काम टाळू पाहणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर उभे करणे म्हणजे त्याला हवे ते देणे होय.

कारण सापडले की त्या मुलाला तेच साधण्याचा दुसरा, चावण्याहून सोपा मार्ग शिकवावा लागतो. लेखन टाळण्यासाठी चावत असेल, तर बाकावर ‘मला थोडे थांबायचे आहे’ असे चित्र असलेले कार्ड ठेवावे, आणि त्याने ते उचलले की सुरुवातीच्या आठवड्यांत प्रत्येक वेळी, लगेच, दोन मिनिटांची विश्रांती द्यावी. तो ते कार्ड वारंवार उचलेल आणि शिक्षिकेला ही सवलत वाटेल; तरीही त्या काळात ती नाकारू नये. कार्डाने काम होते असा त्याचा विश्वास बसला, की विश्रांतीआधी एक ओळ, मग दोन ओळी असे अंतर वाढवता येते. चावण्याचा प्रसंग घडलाच, तर कमीत कमी शब्दांत दोन्ही मुलांना दूर करावे, तो शांत झाल्यावर त्याच कामाचा छोटा भाग त्याच्याकडून करून घ्यावा आणि घरी पाठवू नये. एक इशारा मात्र शाळेला आधीच देऊन ठेवा. जुना मार्ग चालेनासा झाला की काही दिवस ते वर्तन वाढते, आणि बहुतेक शाळा नेमक्या याच दिवसांत योजना सोडून देतात. ज्या मुलाला इजा होते त्याची जागा बदलणे आणि त्याच्या पालकांना शाळेने काय चालले आहे ते सांगणे हेही या योजनेचेच भाग आहेत. त्या पालकांची तक्रार रास्त आहे.

आता कायद्याविषयी. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 याच्या कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ठरवले आहे, तेव्हा तुमच्या शाळेचा दर्जा तपासून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याच्या कलम 16 मध्ये मात्र शासनाच्या निधीवर चालणाऱ्या शाळांबरोबर शासनमान्य शाळांचाही उल्लेख आहे. भेदभाव न करता प्रवेश, मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी आणि वैयक्तिक साहाय्य यांची अपेक्षा त्यात स्पष्ट मांडली आहे. मदतनीसाचा खर्च पालकांनी करावा असे कलम या दोन्ही कायद्यांत नाही. स्वमग्नता 2016 च्या कायद्याच्या 21 दिव्यांगत्वांच्या यादीत आहे. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास कलम 31 नुसार 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, जवळच्या शाळेत किंवा पालकांच्या पसंतीच्या विशेष शाळेत, मिळतो. त्यासाठी यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरून जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी.

व्यवहारात एवढे करा. मुख्याध्यापिकेला लेखी अर्ज देऊन वैयक्तिक शिक्षण योजनेसाठी, म्हणजे त्याला काय, कसे आणि कोण शिकवणार हे लिहून ठरवण्यासाठी, बैठक मागा आणि अर्जाची पोच घ्या. यापुढे मुलाला लवकर न्यायला सांगितले, तर कारण लेखी मागा आणि तारीख टिपून ठेवा. हे लवकर घरी पाठवणे कोणत्याही हजेरीपटावर दिसत नाही आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षे चालते. शाळेने दाद दिली नाही तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, आणि तेथेही काही झाले नाही तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. शॅडो टीचर ठेवण्याची वेळ आलीच, तर ती व्यक्ती टप्प्याटप्प्याने बाजूला कशी होणार हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. अन्यथा मूल वर्गात बसते खरे, पण वर्गशिक्षिका त्याला शिकवत नाही.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीच्या वर्गांना शिकवतो. तिसरीतील एक मुलगी तास चालू असताना उठून पळून जाते, अडवले तर मारते, फारशी बोलत नाही. आई-वडील ऊसतोडीला जातात, ती आजीकडे राहते. विशेष शिक्षक कधीतरीच येतात. मी एकट्याने काय करावे? — एक शिक्षक, बीड जिल्हा

उत्तर : सर, सर्वांत आधी तिची श्रवणक्षमता तपासून घ्या. ऐकू कमी येणारे मूल वर्गात कंटाळते, हाक मारली तरी वळत नाही, आणि त्याला आपण आडमुठे ठरवतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा तिची तपासणी आवर्जून करून घ्या आणि गरज असल्यास जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याचा आग्रह धरा. एनसीईआरटी या केंद्रीय शैक्षणिक संस्थेने शिक्षकांसाठी ‘प्रशस्त’ नावाची प्राथमिक चाळणीची प्रश्नावली तयार केली आहे, ती भरून तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडे द्या. मात्र त्या प्रश्नावलीवरून निदान होत नाही, केवळ पुढची तपासणी हवी की नको एवढे कळते.

दुसरी गोष्ट म्हणजे हे वर्तन कोणत्या महिन्यात सुरू झाले ते आठवून पाहा. दिवाळीच्या आगेमागे आई-वडील कारखान्यावर गेले आणि त्यानंतर मुलगी पळू लागली असेल, तर तिला दिव्यांगत्वाचे नाव देण्याची घाई करू नये. तिला आईची आठवण येत असेल आणि ते सांगायला तिच्याकडे कोणी नसेल. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी आजीच्या किंवा तुमच्या फोनवरून आईशी बोलणे करून दिले, तर फरक पडतो का ते पाहा. ती पळून जाते ते कोठे, हेही टिपून ठेवा. शालेय पोषण आहार शिजतो तिकडे जात असेल, तर ती सकाळी उपाशीपोटी येते का हे विचारायला हवे. हातपंपाकडे जात असेल, तर पाणी आणण्याचे किंवा खडू-डस्टर वाटण्याचे काम तिला ठरलेल्या वेळी दिल्यास उठण्याची गरज रीतसर भागते. दिवसाचा क्रम चार-पाच चित्रांत काढून भिंतीवर लावा. चार वर्ग एकत्र असलेल्या खोलीत त्याचा उपयोग इतर मुलांनाही होतो.

तुम्हाला हे एकट्याने करावे लागू नये, हेही येथे स्पष्ट लिहिते. विशेष शिक्षकांच्या नेमणुकांविषयीच्या रजनीशकुमार पांडे खटल्यात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या 10 विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले, आणि मार्च 2025 मध्ये राज्यांना ही पदे अधिसूचित करून भरण्याचे निर्देश दिले. एका विशेष शिक्षकाने अनेक केंद्रांतील शाळा फिरून सांभाळायच्या, ही व्यवस्था त्या प्रमाणाच्या जवळपासही जात नाही. तुमची गरज शालेय व्यवस्थापन समितीच्या ठरावात नोंदवा आणि ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. कागदावर मागणी नसेल, तर त्या शाळेला गरज नाही असाच अर्थ वर काढला जातो.

प्रश्न : आमच्या काळी गुरुजींच्या छडीने भलीभली मुले सरळ होत. माझ्या नातवाला अतिचंचलतेचा त्रास आहे म्हणतात. थोडा धाक असू नये का? — एक आजोबा, कोल्हापूर

उत्तर : आजोबा, शाळेत मारणे आणि मानसिक छळ करणे 2009 च्या कायद्याच्या कलम 17 ने मनाई केलेले आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी छडी मुलाला काय करू नये एवढेच सांगते, त्याऐवजी काय करावे ते शिकवत नाही. आणि अतिचंचल मुलाची अडचण नेमकी हीच असते की नियम माहीत असूनही त्या क्षणी त्याला थांबता येत नाही. त्या काळी जी मुले सरळ झाली नाहीत, त्यांतील कितीतरी चौथीच्या आतच शाळा सोडून गुरे राखायला गेली. त्यांची आठवणही ठेवायला हवी. नातवाला छोट्या टप्प्यांचे काम, मध्ये हालचालीची संधी आणि चांगले केल्यावर तत्काळ शाबासकी द्या. ही शाबासकी तुमच्याकडून मिळाली तर तिचे मोल फार मोठे असेल. त्याच्या पालकांना एवढे सांगा की अतिचंचलता 2016 च्या कायद्यातील 21 दिव्यांगत्वांच्या यादीत स्वतंत्रपणे नाही, त्यामुळे केवळ तेवढ्या निदानावर यूडीआयडी कार्डाची अपेक्षा धरू नये; सोबत अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितातील विशिष्ट अडचण, आहे का, हे मात्र तपासून घ्यावे, कारण ती त्या यादीत आहे.

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीत आलो. मुलगी पहिलीत आहे, वर्गात किंचाळते आणि टेबलाखाली जाऊन बसते. शाळेने तिला काही वेळा घरी पाठवले. शिक्षिका म्हणतात, घरी मराठी बोलणे बंद करा म्हणजे ती सुधारेल. विशेष शिक्षणाचे नाव तिच्या कागदांवर आले तर पुढे नुकसान होईल, अशी माझ्या यजमानांना भीती वाटते. — एक आई, न्यू जर्सी

उत्तर : मराठी बंद करू नका. दोन भाषांमुळे स्वमग्न किंवा उशिरा बोलणाऱ्या मुलांचे नुकसान होते, असे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. उलट आई-वडील ज्या भाषेत मनापासून बोलू शकतात तीच काढून घेतली, तर घरातले बोलणेच आटते. मुलीचे मूल्यमापन शक्य तेथे तिच्या भाषेत व्हावे आणि बैठकीत तुम्हाला सर्व कळावे म्हणून शाळेने दुभाषा द्यावा, अशी तरतूद तेथील संघराज्याच्या कायद्यातच आहे. इंग्रजी येत असली तरी दुभाषा मागायला संकोच वाटू देऊ नका.

हा कायदा म्हणजे आयडीईए, दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा. त्याचे मूळ 1975 च्या कायद्यात असून त्यानुसार पात्र मुलांना सरकारी शाळेत मोफत आणि योग्य शिक्षण द्यावे लागते. तोंडी विनंतीवर थांबू नका. विशेष शिक्षणासाठी मूल्यमापन हवे असे तारखेसह लेखी कळवा. न्यू जर्सीत अशा लेखी विनंतीनंतर 20 दिवसांत बैठक घ्यावी लागते, आणि मूल्यमापनाला तुमची संमती मिळाल्यापासून 90 दिवसांत मूल्यमापन, पात्रता आणि पात्र ठरल्यास आयईपी, म्हणजे वैयक्तिक शिक्षण योजना, लागू व्हावी लागते. याच विनंतीत वर्तनाचे कार्यात्मक मूल्यमापन, ज्याला तेथे एफबीए म्हणतात, तेही मागा. नाशिकच्या आईंना सांगितलेली नोंदवहीच तेथे प्रशिक्षित व्यक्ती रीतसर ठेवते, आणि तिच्या आधारे वर्तन-साहाय्याची लेखी योजना होते. योजना हाती आली की एवढे तपासा : किंचाळण्याचे कारण काय, हे त्यात लिहिले आहे का, त्याऐवजी मुलीला काय शिकवणार, हे लिहिले आहे का, आणि ते कोण शिकवणार. केवळ बक्षिसांच्या चिकट चित्रांचा तक्ता असेल तर ती योजना परत करा.

घरी पाठवण्याच्या दिवसांची यादी ठेवा. दिव्यांग विद्यार्थ्याला वर्तनामुळे सलग 10 पेक्षा अधिक शालेय दिवस दूर ठेवायचे ठरले, तर ते वर्तन दिव्यांगत्वातून आले का, याचा निर्णय तुमच्यासह बैठक घेऊन करावा लागतो. तुटक दिवस मिळून 10 च्या वर गेले आणि त्यांत एकच साचा दिसला, तरीही हाच नियम लागतो. ‘आज जरा लवकर न्या’ असे फोन बहुधा या हिशेबात धरलेच जात नाहीत. म्हणून त्याच दिवशी ईमेल करून ‘आपल्या सांगण्यावरून मुलीला अमुक वाजता घरी नेले’ एवढे नोंदवून ठेवा.

यजमानांची भीती समजण्यासारखी आहे. परंतु शाळेच्या या नोंदी गोपनीय असतात, तुमच्या लेखी संमतीशिवाय विशेष शिक्षणाच्या सेवा सुरू होत नाहीत, आणि दिलेली संमती तुम्ही पुढे लेखी मागे घेऊ शकता. मूल्यमापनाच्या निष्कर्षांशी तुम्ही असहमत असाल, तर शाळेबाहेरील तज्ज्ञांकडून, शाळेच्या खर्चाने, स्वतंत्र मूल्यमापन मागता येते; शाळेला ते नाकारायचे असेल तर आपले मूल्यमापन योग्य होते, हे तिला सुनावणीत सिद्ध करावे लागते. पहिल्या बैठकीला दोघांनी मिळून जा आणि सही करण्यापूर्वी योजनेची प्रत घरी नेऊन वाचण्यासाठी मागा.