बर्लिनला निघण्याआधी ऐरोलीचे बिल वसूल करा

नमस्कार,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही ऐरोलीत राहता, तीन वर्षांपासून वेब आणि मोबाइल अ‍ॅपची कामे स्वतंत्रपणे घेता आणि सध्याच्या मुख्य ग्राहकाच्या कार्यालयात आठवड्यातून तीन दिवस जाऊन बसता. तिथला मॅनेजर सगळ्यांदेखत पाणउतारा करतो, ठरलेल्या कामात दर आठवड्याला भर घालतो, आणि तुमची मिळून १,८४,००० रुपयांची दोन बिले चार महिन्यांपासून अडकली आहेत. या त्रासाला कंटाळून, कामे मिळवून देणाऱ्या एका जर्मन एजन्सीच्या भरवशावर जर्मनीत फ्रीलान्सर म्हणून जाण्याचा बेत तुम्ही केला आहे आणि तिथे तरी असे ग्राहक भेटणार नाहीत ना, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

मी मूळची ठाण्याची, नौपाड्यातली. बर्लिनला येऊन मला नऊ वर्षे झाली आणि त्यातली सात वर्षे मी डेटाबेसची कामे कंत्राटावर करते आहे. असे ग्राहक इथेही भेटतात. इथला मॅनेजर बहुधा आवाज चढवत नाही, पण तीन ओळींच्या कोरड्या मेलमधून तोच अपमान करतो, आणि बिल थकवणारी कंपनी इथेही ‘अकाउंट्सकडे पाठवले आहे’ असेच सांगते. कंत्राटावर काम करणाऱ्याला सांभाळणाऱ्या गोष्टी दोनच आहेत: काम सुरू होण्याआधी कागदावर काय उतरले, आणि ते काम सोडून देण्याची आपली ऐपत किती. या दोन्ही गोष्टी ऐरोलीत राहून शिकता येतात, आणि त्या अंगवळणी पडल्याशिवाय तुम्ही निघू नये असे मला मनापासून वाटते.

मी स्वतः हे नुकसान सोसून शिकले. बर्लिनला येण्याच्या आदल्या वर्षी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीचे काम मी ओळखीवर घेतले. मालक वडिलांच्या परिचयाचे होते, त्यामुळे लेखी करार मागणे मला अवघड वाटले. काम संपत आले तेव्हा ‘हे तर त्यात धरलेलेच होते’ असे म्हणत त्यांनी आणखी दोन महिन्यांचे काम करून घेतले आणि शेवटचे ९०,००० रुपये मला कधीच मिळाले नाहीत. तीन हात नाक्यावरून रिक्षा करून मी त्या कार्यालयात कितीतरी वेळा गेले असेन. दर वेळी पुढच्या सोमवारचा वायदा घेऊन परत यायचे. पैसे गेल्याचे दुःख वर्षभरात ओसरले, पण वडिलांना अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून मी गप्प राहिले, हे अजून बोचते. ओळखीच्या माणसाचे काम असेल तर करार अधिक काटेकोर लिहावा, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे, कारण तिथे नंतर तोंड उघडणे सर्वांत कठीण जाते.

तुमची परिस्थिती माझ्यापेक्षा बरी आहे, कारण तुमच्याकडे मेलवर मान्य झालेले दर आहेत आणि तुम्ही उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारकडे करायची नोंदणी, आधीच केलेली आहे. ही नोंदणी विनामूल्य होते, पण ती काम घेण्याआधी झालेली असणे महत्त्वाचे. वाद उभा राहिल्यावर केलेल्या नोंदणीवर विसंबता येत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार ग्राहकाने काम स्वीकारल्यापासून ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात, आणि करारात काहीही लिहिले असले तरी ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. मुदत लेखी ठरलेलीच नसेल तर १५ दिवस धरले जातात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते, आणि सरकारी पोर्टलवरून राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे, अर्ज करता येतो. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या तरतुदीमुळे, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल या मुदतीत चुकते केले नाही तर ग्राहकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. मॅनेजरला याचे काही वाटणार नाही, पण त्यांच्या अकाउंट्स विभागाला नक्की वाटेल, म्हणून तुमचे पत्र थेट त्या विभागाला जाऊ द्या. त्या दोन बिलांवर टीडीएस कापून तुमच्या पॅनवर जमा झाला आहे का, हेही पाहून घ्या. झाला असेल तर तुमची बिले त्यांच्या हिशेबात चढली होती याचा तो एक पुरावा ठरतो, आणि ‘बिल मिळालेच नाही’ असे म्हणणे त्यांना जड जाईल.

मॅनेजरच्या वागण्याविषयी. त्यात लैंगिक स्वरूपाचे काही असेल, तर २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा कंत्राटावर काम करणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण देतो. १० किंवा अधिक माणसे काम करतात त्या कार्यालयात अंतर्गत समिती असावीच लागते आणि तक्रार सर्वसाधारणपणे ३ महिन्यांच्या आत द्यायची असते. नुसते ओरडणे त्या कायद्यात बसत नाही. त्यासाठी मी एकच सवय सुचवते, आणि ती मला इथेही रोज उपयोगी पडते: प्रत्येक बैठकीनंतर तासाभरात, शांत भाषेत, काय ठरले ते लिहून पाठवायचे. ‘आज आपण अमुक दोन स्क्रीन नव्याने मागितल्या, त्या मूळ कामात नव्हत्या, त्यांना चार दिवस आणि इतके रुपये लागतील, आपली मान्यता आल्यावर सुरू करते.’ अपमानाला त्याच मेलमध्ये उत्तर देऊ नका. एकदा, स्वतंत्रपणे, ज्याने तुमच्याशी करार केला त्या व्यक्तीला लिहा की सर्वांसमोर अशा शब्दांत बोलणे तुम्ही स्वीकारणार नाही आणि पुढच्या सूचना लेखी मिळाल्यास काम सुरळीत होईल. तोंडी दरडावण्याची सवय असलेली माणसे लिहिण्याची वेळ आली की बरीच सावध होतात, असा माझा अनुभव आहे. तरीही बदल झाला नाही, तर नोटीस देऊन काम सोडा.

आता जर्मनीविषयी. इथे करार हाती आला की आधी पाहा तो कोणत्या प्रकारचा आहे. वेर्कफरट्राग म्हणजे ठरलेली वस्तू पूर्ण करून देण्याचा करार, आणि डीन्स्टफरट्राग म्हणजे ठरलेली सेवा किंवा वेळ देण्याचा करार. पहिल्या प्रकारात ग्राहकाने काम स्वीकारल्यावर, म्हणजे आब्नामे झाल्यावर, पैसे देय होतात, आणि त्रास देणारा ग्राहक नेमकी तीच स्वीकृती लांबवतो. त्यावर कायद्यातच उपाय आहे: काम पूर्ण झाल्यावर तुम्ही वाजवी मुदत देऊन स्वीकृती मागितली आणि त्या मुदतीत ग्राहकाने निदान एक दोष दाखवून ती नाकारली नाही, तर काम स्वीकारले गेले असे मानले जाते. म्हणून ‘कृपया पाहून सांगा’ असे मोघम लिहू नका, तारीख घाला. अशा करारातले काम ग्राहक मध्येच कधीही थांबवू शकतो, पण मग ठरलेला मोबदला द्यावाच लागतो. त्यातून तुमचा वाचलेला खर्च आणि त्या मोकळ्या वेळात दुसरीकडे मिळवलेले उत्पन्न वजा होते. माझ्या ओळखीतले कित्येक भारतीय फ्रीलान्सर काम अर्ध्यावर रद्द झाले की झाले तेवढ्याचेच पैसे घेऊन गप्प बसतात.

दुसरी गोष्ट तुमच्या सध्याच्या त्रासाशी थेट जोडलेली आहे, म्हणून तिच्यावर थोडे सविस्तर लिहिते. आपल्याकडे कंत्राटावरच्या माणसाला रोज कार्यालयात बोलावणे, त्याच्या येण्याजाण्याची वेळ ठरवणे, सुट्टीसाठी परवानगी मागायला लावणे आणि तरीही भविष्यनिर्वाह निधी किंवा रजा काही न देणे, हे सर्रास चालते. जर्मनीत यालाच शाइनझेल्बश्टेंडिशकाइट, म्हणजे नावापुरता स्वयंरोजगार, असे म्हणतात. स्वतंत्र म्हणून नेमलेला माणूस प्रत्यक्षात नोकरासारखा राबवला जात होता असे निवृत्तिवेतन विमा संस्थेने ठरवले, तर सामाजिक विम्याचे मागील काही वर्षांचे हप्ते भरण्याचा बोजा मुख्यतः काम देणाऱ्या कंपनीवर येतो, आणि हेतुपुरस्सर लपवले असेल तर प्रकरण फौजदारीही होऊ शकते. त्यामुळे कंपन्यांचे कायदा विभाग याबाबत फार जागरूक असतात. कुणी मॅनेजर मला ‘रोज नऊ वाजता इथे बसायचे’ असे सांगू लागला, की वाद न घालता मी लिहिते की माझी कामाची जागा आणि वेळ मीच ठरवते, आणि वेगळी व्यवस्था हवी असेल तर ती तुमच्या कायदा विभागाकडून तपासून घ्यावी. दोनदा या एका वाक्यावर विषय संपला आहे. मात्र हे वाक्य लिहिण्याचे बळ यायचे असेल तर वर्षाचे सगळे उत्पन्न एकाच ग्राहकाकडून येता कामा नये. एकच ग्राहक असणे हे तपासणीच्या दृष्टीने वाईट, आणि आपल्या मनाच्या दृष्टीने त्याहून वाईट, कारण मग कोणताही अपमान आपण गिळतो. तुमचा बेत एकाच जर्मन एजन्सीच्या भरवशावर उभा आहे, हे वाचून मला काळजी वाटली. फ्रीलान्सरच्या व्हिसासाठी ग्राहकांची इरादापत्रे, म्हणजे तुम्हाला काम देण्याचा इरादा कळवणारी पत्रे, लागतात. ती किमान दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळवा, मग बेत सहा महिने पुढे गेला तरी चालेल.

एजन्सीचा माझा एक अनुभव सांगते. तिसऱ्या वर्षी एका एजन्सीमार्फत मी एका मोठ्या कंपनीचे काम केले. ते संपल्यावर ६,४०० युरोचे शेवटचे बिल एजन्सीने अडवले. ‘मूळ ग्राहकाकडून आम्हाला पैसे आलेले नाहीत’, असे कारण फोनवर दिले. माझा करार एजन्सीशी होता आणि त्यात अशी कोणतीही अट नव्हती, हे मी लेखी कळवले. कंपन्यांच्या आपसातल्या व्यवहारात बिल देय होऊन ते मिळाल्यापासून ३० दिवस उलटले, की वेगळे स्मरणपत्र न देताही ग्राहक थकबाकीदार ठरतो. त्यानंतर जर्मन मध्यवर्ती बँक जाहीर करते त्या पायाभूत व्याजदरापेक्षा ९ टक्के अंकांनी जास्त दराने व्याज आणि शिवाय ४० युरोची ठरावीक रक्कम मागता येते. मी १० दिवसांची शेवटची मुदत दिली आणि ती संपल्यावर न्यायालयाकडे मानबेशाइडसाठी अर्ज केला. हा थकबाकीचा न्यायालयीन आदेश असतो. त्यासाठी वकील लागत नाही, दावा खरा की खोटा हे त्या टप्प्यावर तपासले जात नाही, आणि समोरच्याला हरकत घ्यायला दोन आठवडे मिळतात. हरकत आली तर प्रकरण नेहमीच्या खटल्याकडे जाऊ शकते. माझ्या बाबतीत हरकत आली नाही आणि व्याजासह पैसे जमा झाले. ज्यांचे बिऱ्हाड जर्मनीबाहेर आहे त्यांच्यासाठी हे अर्ज बर्लिनच्या वेडिंग भागातल्या न्यायालयात जातात, म्हणजे तुम्ही ऐरोलीतून जर्मन ग्राहकाचे काम करत असलात तरी हा मार्ग बंद नाही. दाव्याची सर्वसाधारण मुदत ३ वर्षांची असून ती ज्या वर्षी बिल देय झाले त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजतात. व्हेर्डी ही इथली कामगार संघटना एकट्याने काम करणाऱ्या स्वयंरोजगारांनाही सभासद करून घेते; तिथला सल्ला मला त्या वेळी फार आधाराचा वाटला होता.

पैशांचे मी थोडक्यात सांगते. आरोग्य विमा इथे सक्तीचा आहे आणि भारतातून थेट फ्रीलान्सर म्हणून आलेल्यांना बहुधा खासगी विमाच घ्यावा लागतो. कोणत्याही ग्राहकाने पैसे दिले नाहीत त्या महिन्यातही त्याचा हप्ता आणि घरभाडे जातच राहते. जर्मनीत राहण्याच्या परवान्याचे नूतनीकरण करताना तुमच्या कामावर तुमचे भागते का, हे पाहिले जाते, म्हणून इथे थकलेले बिल राहण्याच्या हक्कापर्यंत पोहोचते. किमान सहा महिन्यांचा खर्च हाती ठेवून निघा, आणि नव्या ग्राहकाकडून निदान एक तृतीयांश रक्कम आगाऊ घ्या. आगाऊ रकमेवर जो ग्राहक दुखावतो, त्याचे काम मी आता घेत नाही. पहिल्याच भेटीत आधीच्या कंत्राटदाराची नालस्ती करणाऱ्याचेही नाही.

तेव्हा या आठवड्यात अकाउंट्स विभागाला पत्र पाठवा. दोन्ही बिलांच्या तारखा, मान्यतेचे मेल, उद्यम नोंदणीचा क्रमांक आणि आजवरच्या व्याजाचा हिशेब त्यात घाला, आणि १५ दिवसांची मुदत तारखेनिशी लिहा. त्या तारखेपर्यंत नवे काम हाती घेणार नाही, असेही कळवा. एजन्सीच्या कराराचा मसुदा सही करण्याआधी मला पाठवा. डिसेंबरमध्ये मी तीन आठवडे नौपाड्यात आई-वडिलांकडे असेन. ऐरोलीहून ठाण्याला लोकलने यायला फार वेळ लागत नाही, सगळे कागद घेऊन या, आपण बसून एकेक कलम वाचू.