वेलणकर रामा शेट्टीच्या दारात गेलाच का?

प्रश्न : परवा पुन्हा 'अर्धसत्य' (१९८३) बघितला. एक गोष्ट काही केल्या पटत नाही. ज्या गुंड रामा शेट्टीला आत टाकायला सब-इन्स्पेक्टर वेलणकर अख्खा पिक्चर धडपडतो, शेवटी त्याच्याच दारात मदत मागायला जातो? इतका ताठ माणूस असा कसा वाकेल?

उत्तर : अहो, तो त्या दारात वाकलाच नाही, आधीच वाकलेला होता, आपलं लक्ष नव्हतं इतकंच. मागे जाऊन बघा, बायकांना त्रास देणाऱ्या गुंडांना तो बदडतो, मग आमदार त्याच्या सस्पेन्शनच्या मागे लागतो, आणि त्याचा सीनियर हैदर अली दिल्लीत वजन असलेल्या एकाला मधे घालून प्रकरण मिटवतो. तेव्हा आपणही हुश्श करतो की नाही? कारण बाजू वेलणकरची बरोबर होती. पण सुटला तो बाजू बरोबर होती म्हणून नाही, वशिल्यानं सुटला. ते त्याला कळतं आणि तरी तो गप्प बसतो. माझ्या मते पिक्चर तिथंच फिरतो.

पुढे डाकू पकडल्याचं श्रेय दुसराच ऑफिसर घेऊन जातो, दारू वाढते, आणि एक किरकोळ चोर लॉकअपमधे त्याच्या मारानं मरतो. आता चूक सरळसरळ त्याची, पण सुटायचा रस्ता त्याला एकच ठाऊक झालाय, आणि यावेळी तो रामा शेट्टीच्या घरी जातो. गंमत म्हणजे रस्ता दाखवणारा हैदर अली अजिबात व्हिलन नाहीये, शफी इनामदारनं तो इतका मायेनं केलाय की आपल्यालाही असा सीनियर हवा असं वाटतं. (रामा शेट्टी झालेल्या सदाशिव अमरापूरकरांचं कौतुक सगळे करतात, करायलाच हवं, पण हा माणूस राहून जातो.)

वेलणकरच्या बापाचं पण विसरू नका. अमरीश पुरीचा रिटायर्ड हवालदार बायकोला मारायचा आणि लहान अनंत, म्हणजे आपला वेलणकर, नुसता बघत राहायचा. तो हात अडवता आला नाही याचा राग त्यानं मोठेपणी कुणावर काढला, तर लॉकअपमधल्या त्या बिचाऱ्यावर, ज्याच्यामागे कुणी आमदार नव्हता. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' कथेवरनं तेंडुलकरांनी पटकथा लिहिलीय, त्यामुळे हिरोला सूट मिळेल ही अपेक्षाच सोडा.

प्रश्न : पण लॉकअपमधे माणूस मेला तर तेव्हा कायदाच नव्हता का?

उत्तर : होता की! कोठडीतल्या मृत्यूची मॅजिस्ट्रेटकडून चौकशी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतीच. अटकेचा मेमो करायचा, नातेवाइकांना कळवायचं, दर ४८ तासांनी मेडिकल करायचं, हे नियम मात्र सुप्रीम कोर्टानं डी. के. बसू खटल्यात १९९६ मधे घालून दिले, म्हणजे पिक्चर येऊन तेरा वर्षं झाल्यावर.