ताऱ्यांवर विखुरलेली मानवजात लाखो वर्षांनंतरही एकच प्रजाती राहील का?

माझ्या मते राहणार नाही, आणि त्याचे मुख्य कारण अंतर हेच असेल. सूर्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, सुमारे ४.२ प्रकाशवर्षे दूर आहे. सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या व्हॉयेजर १ या अंतराळयानाच्या गतीने निघाले, तरी तिथे पोहोचायला सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील. आपली प्रजातीच जेमतेम ३ लाख वर्षांची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे नुसत्या प्रवासातही उत्क्रांतीला केवढा वाव मिळेल, हे ध्यानात येते.

निघालेला गट लहान असेल, तर मोजक्या पूर्वजांचीच जनुके पुढच्या पिढ्यांत उतरतील आणि इथे दुर्मीळ असलेले एखादे वैशिष्ट्य तिथे सर्रास दिसू लागेल. शरीरातही बदल होतात: अंतराळस्थानकातील वजनरहित अवस्थेत पुरेसा व्यायाम न केल्यास कंबरेच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. ही झीज मात्र वंशपरंपरेने उतरत नाही (अनेकांची गल्लत होते ती इथेच). कमी गुरुत्वाकर्षणात ज्यांची बाळंतपणे सुखरूप पार पडतील, त्यांचीच वंशवेल वाढेल, आणि खरी निवड तिथे होईल. शिवाय २०१२ पासून क्रिस्परसारखे जनुक-संपादनाचे तंत्र हाताशी आहे, त्यामुळे हा बदल काही शतकांतही घडवून आणला जाऊ शकेल.