पोस्टग्रेस हा डेटाबेस फुकट आहे, मग क्लाउडवाले बिल कसलं लावतात? आणि हे कायद्यात बसतं का?

कायद्याचं आधी सांगतो: बसतं. पोस्टग्रेसचं लायसन्स बीएसडीच्या, म्हणजे जवळजवळ काहीच अट न घालणाऱ्या लायसन्सच्या, वळणाचं आहे. कॉपीराइटची ओळ तेवढी ठेवा आणि खुशाल विका. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस जीपीएल लायसन्सखाली येतो, पण जीपीएलची अट (कोडही खुला द्या) सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या हातात दिलं की लागू होते. क्लाउडवाला ते स्वतःच्याच सर्व्हरवर चालवतो, तुम्हाला मिळतं फक्त कनेक्शन. ॲमेझॉनची आरडीएस ही क्लाउड डेटाबेस सेवा २००९ मध्ये मायएसक्यूएलवरच सुरू झाली.

बिल आहे ते राबण्याचं. कुणी व्हेअर न लावता डिलीट मारलं (म्हणजे अटच न घालता सगळ्या नोंदी उडवल्या) आणि 'दुपारी २:१० ला होता तसा डेटा द्या' म्हणून मागे लागलं, तर बेस बॅकअप (सगळ्या डेटाची प्रत) हवा, त्यानंतरच्या सगळ्या वॉल फाइल्स (प्रत्येक बदलाची नोंद) हव्यात, आणि त्या खरंच रिस्टोर होतात हे आधी कुणीतरी तपासलेलं हवं. हे तपासणं बहुतेक ठिकाणी राहूनच जातं. माझं पोट पोस्टग्रेस सांभाळण्यावर चालतं, तरी छोट्या टीमला मी मॅनेज्डच (क्लाउडवाल्याने सांभाळलेलं) घ्या म्हणतो.

पण मॅनेज्ड घेतलं म्हणून निर्धास्त होऊ नका. नेहमीचं उदाहरण: कुणीतरी डेटा दुसरीकडे न्यायला रिप्लिकेशन स्लॉट (बदल कुठवर पाठवले याची खूण) बनवतो, प्रयोग संपतो, स्लॉट तसाच राहतो. पोस्टग्रेस त्या स्लॉटसाठी वॉल राखून ठेवत जातं आणि डिस्क भरते. मर्यादा घातली नसेल तर हे आरडीएसवरही होतं, आणि तो स्लॉट तुम्हालाच शोधून काढावा लागतो. शिवाय खरा सुपरयूजर (सगळे अधिकार असलेलं खातं) मिळत नाही, मशीनवर लॉगिन नाही, एक्स्टेन्शन (वरून जोडायची सुविधा) त्यांच्या यादीतलंच.

डेटाबेस बनवणाऱ्या कंपन्यांना मात्र हा धंदा खुपतो. मोंगोडीबी या डेटाबेसच्या कंपनीने ऑक्टोबर २०१८ मध्ये एजीपीएल (नेटवरून सेवा दिली तरी केलेले बदल खुले करायला लावणारं लायसन्स) सोडून एसएसपीएल हे नवं लायसन्स आणलं: सेवा म्हणून विकायचं असेल तर ती चालवायला लागणारं सगळंच सॉफ्टवेअर खुलं करा. (ओपन सोर्स इनिशिएटिव्ह याला ओपन सोर्स मानत नाही.) तीनच महिन्यांत ॲमेझॉनने डॉक्युमेंटडीबी काढलं: एपीआय (बाहेरून त्याच्याशी बोलायची पद्धत) मोंगोचा, आतलं इंजिन स्वतःचं. रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये हाच डाव टाकला आणि तो अंगाशी आला. ॲमेझॉन, अलिबाबाची माणसं रेडिसच्या मुख्य चमूतच होती. आठवडाभरात लिनक्स फाउंडेशनखाली व्हॅल्की नावाचा फोर्क (त्याच कोडवरून काढलेला वेगळा प्रकल्प) उभा राहिला. मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएलचा पर्याय दिला, पण तोवर लोक हलले होते. कंपन्यांचा राग मला कळतो. मात्र ज्यांनी फुकट कोड दिला त्यांना न विचारता अटी बदलणं पटत नाही.

पोस्टग्रेस कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही, म्हणून तिथे हा खेळ होणं अवघड. सेवा कुठलीही घ्या, सही करण्याआधी एक पीजी_डंप (डेटाची निर्यात) बाहेर काढून साध्या पोस्टग्रेसवर चढवून बघा, आणि लॉजिकल रिप्लिकेशन (बदल सतत दुसरीकडे पाठवणं) बाहेरच्या सर्व्हरकडे चालू देतात का ते विचारा. नाही म्हणाले तर दुसरा बघा.